कायदा आणि सार्वजनिक आरोग्य: दोन पदव्या एकत्र कशा करायच्या? (जळगाव, धुळे, नंदुरबार)

गिरणाकाठ

परदेशात कायदा आणि सार्वजनिक आरोग्य या दोन पदव्या एकाच आखणीत देणारे अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडची मुलं ते इंटरनेटवर बघतात आणि विचारतात, 'हे आपल्याकडे कुठे होतं?' मिळणारी उत्तरं अर्धवट असतात. कोणी म्हणतं यूजीसीने दोन डिग्र्यांना परवानगी दिली आहे, घेऊन टाक प्रवेश. कोणी म्हणतं एलएलबी करताना दुसरं काहीच चालत नाही. दोघंही अर्धं सांगतात.

म्हणून धागा काढतेय. ज्यांना नियम नीट ठाऊक आहेत त्यांनी लिहावं: अमेरिकेतली एकत्र पदवी म्हणजे नेमकं काय, इथे काय चालतं, आधी काय करावं, आणि पुढे काम कुठे आहे. सल्ला सढळ द्या, पण नियमाचा आधार सांगून द्या. इथली मुलं शेती गहाण ठेवून फी भरतात.

दूरदेशी

अमेरिकेचा भाग मी घेतो.

तिथली कायद्याची पदवी म्हणजे जेडी. ती पदवीनंतरची, तीन वर्षांची. सार्वजनिक आरोग्याची एमपीएच साधारण दोन वर्षांची. वेगवेगळ्या केल्या तर पाच वर्षं, एकत्र केल्या तर बहुतेक ठिकाणी चार. वर्ष वाचतं ते सवलतीमुळे नाही. कायद्याकडचे काही विषय आरोग्याकडे आणि आरोग्याकडचे काही कायद्याकडे मोजले जातात, म्हणून वाचतं. जेडीला किमान ८३ क्रेडिट लागतात, मान्यताप्राप्त एमपीएचला किमान ४२. बेरीज १२५. विद्यापीठ यातली किती क्रेडिट दोन्हीकडे धरतं, हा पहिला प्रश्न विचारायचा. माहितीपत्रकातल्या फोटोंवर वेळ घालवू नका, हा आकडा शोधा.

अर्ज दोन्ही विभागांना स्वतंत्र करावा लागतो. एकीकडे प्रवेश मिळाला म्हणून दुसरीकडे मिळतोच असं नाही. कायद्यासाठी एलसॅट ही परीक्षा, काही कॉलेजं जीआरईसुद्धा धरतात. पहिलं वर्ष बहुधा निव्वळ कायद्याचं असतं, आरोग्याचे विषय त्यानंतर. एमपीएचमध्ये प्रत्यक्ष कामाचा एक भाग आणि शेवटी शिकलेलं सगळं जोडणारा एक लेखी प्रकल्प सक्तीचा असतो.

इथे एलएलबी झालेल्यांनी जेडी करायचीच गरज आहे का, हे आधी तपासा. त्यांना एक वर्षाची एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) घेता येते, आणि जागतिक आरोग्य कायद्यावरची एलएलएम जॉर्जटाऊनसारख्या विद्यापीठात आहे. उलट, इथली एलएलबी न करता थेट तिथली जेडी करून परत आलात, तर भारतात वकिली करण्याआधी बार कौन्सिल ऑफ इंडियाची (वकिलांच्या नियामक परिषदेची) परदेशी पदवीधारकांसाठीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. हे चार वर्षांनी कळून उपयोग नाही.

सनदवाचक

आता इथला नियम. सगळा गोंधळ दोन कागदांमुळे आहे.

पहिला कागद यूजीसीचा, एप्रिल २०२२ चा. त्यानुसार एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करता येतात: दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले, पण वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, किंवा एक वर्गातला आणि एक दूरस्थ वा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ वा ऑनलाइन. पीएचडीला हे लागू नाही. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. त्याच कागदात पुढे व्यावसायिक परिषदांचे नियमही लागू राहतील असं म्हटलंय.

दुसरा कागद वकिलांच्या परिषदेचा, म्हणजे बार कौन्सिलचे २००८ चे कायदेशिक्षणाचे नियम. नियम ६ वाचा. एलएलबीला नोंद असलेल्या विद्यार्थ्याने त्याच काळात दुसऱ्या कोणत्याही पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नियमित नोंद करायची नाही. अपवाद आहेत: एकात्मिक पदवी, भाषा किंवा संगणकाचा अल्पमुदतीचा अर्धवेळ कोर्स, आणि विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण केंद्राचा कोणताही कोर्स.

म्हणजे जळगावला एलएलबी आणि त्याच वर्षी दुसरीकडे नियमित एमपीएच, हे बसत नाही. एलएलबी आणि विद्यापीठाच्या दूरस्थ केंद्राचा आरोग्य-कायद्याचा डिप्लोमा, हे बसतं. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा वैद्यकीय कायदा व नीतिशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा लोक त्यासाठीच घेतात. फी भरण्याआधी तो कोर्स विद्यापीठाच्या दूरस्थ केंद्राचाच आहे, हे कागदावर बघून घ्या. खासगी संस्थेचा 'ऑनलाइन सर्टिफिकेट' या अपवादात आपोआप येत नाही.

बार कौन्सिलच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने हे आणखी कडक झालं. एलएलबीच्या काळात दुसरी नियमित पदवी केली का, नोकरी होती का, हे विद्यार्थ्याने लिहून द्यायचं आहे. लपवलं तर ते सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) वेळी बाहेर येतं, आणि तोवर तीन वर्षं गेलेली असतात.

धडगावकर

सरकारी दवाखान्यातल्या नर्स आणि आरोग्य सेवक एलएलबीचं विचारतात. ड्यूटी सांभाळून होतं का?

सनदवाचक

धडगावकर दादा, कायद्याचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ यातच भरायचे असतात. रात्रीचं लॉ कॉलेज आता विसरा, आणि दूरस्थ एलएलबीला सनद नाही. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी, मूट कोर्ट (सरावाचा खटला) आणि प्रात्यक्षिकंही त्यातच मोजली जातात. फारच सबळ कारण असेल तर प्राचार्य एखाद्या विषयात ६५ पर्यंत सूट देऊ शकतात, पण सगळे विषय मिळून ७० लागतातच.

नोकरदाराला मालकाचं, म्हणजे इथे जिल्हा परिषदेचं किंवा आरोग्य खात्याचं, ना-हरकत पत्र हवं. नुसत्या पत्राने हजेरी भरत नाही. ज्यांची कायम रात्रपाळी आहे त्यांनाच कसंबसं जमू शकतं. बाकीच्यांनी अध्ययन रजेचा हिशेब आधी लावावा. हे गोड करून सांगण्यासारखं नाही, ताई-दादांनो.

पांझरा

डॉक्टर मंडळींसाठी एक महत्त्वाची भर. एमबीबीएस किंवा बीएएमएस झालेले पुष्कळ जण एलएलबी करतात, आणि दवाखाना चालवत कोर्टातही उभं राहू असं धरून चालतात. महाराष्ट्रात ते होत नाही. हनिराज चुलानी विरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल, सर्वोच्च न्यायालय, १९९६. वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागणाऱ्या डॉक्टरला बार कौन्सिलने नाकारलं आणि न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. पूर्णवेळ पगारी नोकरीवाल्यालाही वकिली करता येत नाही.

म्हणून डॉक्टरने स्वतःला आधी विचारायचं: मला कोर्टात उभं राहायचंय, की कायदा समजून आरोग्यात काम करायचंय? दुसरं असेल तर एलएलबीची पदवी पुरे, सनदेच्या मागे लागायला नको.

ज्यांना सनद हवी त्यांच्यासाठी: नोंदणी फी म्हणून खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला स्पष्ट केलंय. त्यापुढे दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची.

गिरणाकाठ

म्हणजे भारतात 'एकत्र' याचा अर्थ 'एकापाठोपाठ' असाच. मग क्रम कुठला चांगला?

विधीमित्र

बारावीनंतर पाच वर्षांची एकात्मिक बीए एलएलबी, किंवा पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी, आणि मग दोन वर्षांची एमपीएच. बिगर-वैद्यकीय मुलामुलींसाठी माझं मत याच क्रमाचं. एलएलबीला पदवीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० लागतात. राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडू नका. जळगावला मणियार विधी महाविद्यालय आहे, त्याचं विद्यापीठ म्हणजे आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. कायद्यासाठी खान्देश सोडायची गरज नाही. बाहेर राहायचा खर्च एमपीएचच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवा.

एमपीएच मात्र बाहेरच: मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठ, तिरुवनंतपुरमला अच्युता मेनन केंद्र. ते केंद्र १९९७ पासून एमपीएच चालवतं, देशातल्या जुन्यांपैकी एक. पात्रता प्रत्येकाची वेगळी. काही ठिकाणी कोणतीही पदवी चालते, काही ठिकाणी आरोग्याशी निगडित पदवीच लागते. कायद्याचा पदवीधर बसतो का हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. मागच्या वर्षीच्या सीनियरच्या तोंडी माहितीवर अर्ज भरू नका.

आधी कायदा का म्हणतो? एमपीएचचा प्रबंध लिहिताना कायद्याचा प्रश्न घेऊन बसता येतं. उलट क्रमात एमपीएचला शिकलेली जैवसांख्यिकी (आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र) एलएलबीच्या तीन वर्षांत गंजते.

तापीतीर

क्रमाबद्दल विधीमित्रांशी सहमत. पण हे दोन विषय एकत्र कशासाठी, हे एका उदाहरणावरून दिसावं म्हणून सविस्तर लिहिते. उदाहरण गर्भलिंग निदान प्रतिबंधाचं, १९९४ चा कायदा. जळगाव जिल्ह्याचं नाव घटलेल्या बाल लिंग गुणोत्तरासाठी वर्षानुवर्षं घेतलं जातंय, म्हणून हा विषय आपल्या घरचा.

कायद्याची बाजू. न्यायालय या गुन्ह्याची दखल पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून घेत नाही. कलम २८ नुसार फिर्याद समुचित प्राधिकाऱ्याने (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याने) किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने करायची, नाहीतर ज्या व्यक्तीने किंवा संस्थेने प्राधिकाऱ्याला १५ दिवसांची नोटीस दिली आहे तिने. खटले इथेच कोसळतात: फिर्यादीवर सही करणाऱ्याला राजपत्राने अधिकार दिलेलाच नसतो. दुसरी पडझड जप्तीत. दोन स्वतंत्र पंच, शक्यतो त्याच भागातले, आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत जागेवरच द्यायची. पथक घाईने सोनोग्राफी मशीनला सील लावतं आणि रजिस्टर तसंच राहतं. खरा पुरावा तर कागदात असतो. एफ फॉर्म (गरोदर महिलेच्या तपासणीची नोंद) दोन वर्षं जपायचे, खटला असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत. प्रत्येक महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत प्राधिकाऱ्याकडे. हे अहवाल आणि केंद्रातले मूळ फॉर्म समोरासमोर ठेवा: संख्या जुळत नाही, गरोदर महिलेचं घोषणापत्र कोरं, तपासणीचं कारण एकसारखं. 'ही तर कारकुनी चूक' हा बचाव ठरलेला असतो. पण फॉर्म न भरणं ही किरकोळ चूक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्याच याचिकेत सांगितलंय.

आता आकड्यांची बाजू, जी वकिलांना शिकवत नाहीत. एखाद्या गावात वर्षाला ४० जन्म, त्यात २३ मुलगे आणि १७ मुली. गुणोत्तर येतं ७३९. मथळा तयार: 'गावात मुलींची संख्या धोक्यात!' पण जन्माच्या वेळचं नैसर्गिक गुणोत्तर हजार मुलांमागे साधारण ९५० मुली. म्हणजे ४० जन्मांत अपेक्षा साडेएकोणीस मुलींची, आणि निव्वळ योगायोगाने सहा इकडे-तिकडे होऊ शकतात. १७ मध्ये काहीच सिद्ध होत नाही. तेच एका तालुक्यात ४,००० जन्म आणि गुणोत्तर ८५० असेल, तर मुली १,८३८. अपेक्षित १,९४९. तूट १११ ची, आणि योगायोगाचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, फक्त ३२ च्या आसपास. तूट त्याच्या साडेतीन पट आहे. हा योगायोग नाही. छापे कुठे टाकायचे, कुठल्या केंद्राचे फॉर्म आधी काढायचे, हे असं ठरवायचं. ७३९ च्या गावावर धाड घालून हाती काही लागत नाही, आणि गावकऱ्यांचा विश्वास जातो.

जिल्हा सल्लागार समितीत एक कायदेतज्ज्ञ असणं कलम १७ नेच सांगितलंय. त्या खुर्चीवर दोन्ही बाजू समजणारा माणूस बसला तर समितीच्या बैठकीचं इतिवृत्तच बदलून जातं.

केळीबाग

तापीतीर ताई, ही पोस्ट जपून ठेवली.

सातपुडा

बराबर शे. माझी भर प्रबंधाच्या कामाबद्दल, कारण कायद्याची मुलं तिथेच अडतात.

नमुन्याचा आकार. प्रमाण माहीत नसेल तर ५० टक्के धरा, चूक ५ टक्के, विश्वासपातळी ९५. उत्तर ३८४. पण गावं निवडून त्या गावांतली घरं घेणार असाल तर एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून आकडा दुप्पट धरण्याची रीत आहे: ७६८. दहा टक्के लोक भेटणार नाहीत असं धरलं तर ७६८ ला ०.९ ने भागायचं, ८५४. पुष्कळ जण दहा टक्के वाढवतात आणि ८४५ लिहितात. फरक लहान, पण परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

नैतिक समितीची मंजुरी कामाआधी. माहिती गोळा केल्यावर मागची तारीख टाकून मंजुरी मिळत नाही. संमतिपत्र नुसतं मराठीत नको. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिल्ली लागते, आणि केलेलं भाषांतर दुसऱ्या माणसाकडून उलट मराठीत करून तपासायचं. अंगठा घेताना कामाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. मूल असेल तर पालकांची संमती आणि ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही.

आणि महिना बघा. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. डिसेंबरात गेलात तर कुलपं मोजाल, आणि घरी असतील ते म्हातारे. तुमचा निष्कर्ष म्हाताऱ्यांचा होईल. पावसाळ्यात माणसं असतात पण डोंगरातले रस्ते तुटतात. होळीला सगळे घरी येतात, पण तेव्हा सर्वेक्षण कोणाच्या दारात नेऊ नये. सणाच्या आधी-नंतरचे चार दिवस बघावेत. मला विचाराल तर सप्टेंबरअखेर ते दिवाळी हा काळ धरावा.

विषय हवा असेल तर सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आजार आहे. प्रमाणपत्र आजारी रुग्णाला मिळतं, नुसत्या वाहकाला नाही. गावात होणारी विद्राव्यता चाचणी फक्त चाळणी आहे, त्यात वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. नुसत्या चाळणीच्या निकालावर दाव्याची इमारत उभी केली की ती पडते. किती रुग्णांना पक्की तपासणी मिळाली आणि त्यातल्या किती जणांचं प्रमाणपत्र निघालं, एवढंच एका तालुक्यात मोजलं तरी प्रबंध होतो आणि त्याचा उपयोगही होतो.

केळीबाग

रावेर-यावलकडच्यांसाठी दुसरा विषय: फवारणी. कीटकनाशक कायदा १९६८ आणि १९७१ चे नियम. संरक्षक कपडे, श्वसनयंत्र, विषावरचा उतारा जवळ ठेवणं, कामगारांना शिकवणं, हे सगळं नियमांत लिहिलंय. मे महिन्यात ४४ अंशांत तो पोशाख घालून कोण फवारेल, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न. आणि रोजंदारीच्या मजुराच्या बाबतीत ती जबाबदारी नेमकी कोणाची, हा कायद्याचा. विषबाधेच्या केसपेपरवर औषधाचं नाव न लिहिता नुसतं 'पॉयझनिंग' लिहिलेलं असतं, त्यामुळे पुढे ना भरपाई मिळते ना आकडेवारी. डबा किंवा त्याचं लेबल दवाखान्यात सोबत न्यायला सांगा.

पांझरा

कामाबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती नीट वाचा. एमपीएच मागणाऱ्या पुष्कळ पदांना त्याआधी वैद्यकीय पदवी लागते. एलएलबी आणि एमपीएच असूनही अर्ज छाननीत उडतो. तुमच्यासारख्यांसाठी जागा वेगळ्या: गर्भलिंग निदान प्रतिबंध कक्षातलं कायदेविषयक काम, रुग्णालयाचा मेडिको-लीगल विभाग, ग्राहक आयोगातली प्रकरणं, औरंगाबाद खंडपीठातल्या आरोग्यविषयक जनहित याचिका (आपले तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली). शिवाय औषध-चाचण्यांच्या नैतिक समित्या. २०१९ च्या नियमांप्रमाणे समितीत किमान सात सदस्य, आणि गणपूर्तीला कायदेतज्ज्ञ हवाच. तो नसेल तर बैठक होत नाही.

ग्राहक आयोगात जाणाऱ्यांना एक सूचना: कुठल्या आयोगात दावा लावायचा हे मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, रुग्णाने भरलेल्या पैशांवरून ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. मुदत दोन वर्षांची.

धडगावकर

शेवटचं विचारतो. यंदा सीईटी देणाऱ्या आदिवासी मुलामुलींनी आत्ता लगेच काय करावं?

विधीमित्र

जात वैधता. निकाल लागल्यावर नाही, आत्ता. प्रस्तावात आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले आणि महसुली नोंदी लागतात, आणि नावांच्या स्पेलिंगमधला फरक सुधारण्यात महिने जातात. ओबीसी मुलांनी नॉन-क्रीमीलेअरची ३१ मार्चची मुदत बघावी. जुनं प्रमाणपत्र घेऊन कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेश फेरीला) गेलं की जागा खुल्या प्रवर्गात जाते. बँक खातं आधारला जोडलेलं असेल तरच महाडीबीटीची (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलची) रक्कम येते. परदेशाचा विचार असेल तर विद्यापीठातून गुणपत्रकांचे सीलबंद संच पदवीच्या शेवटच्या वर्षीच मागून ठेवा. आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय या दोन्ही खात्यांच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, जाहिरात निघाल्यापासून मुदत थोडी असते.

धडगाव, मोलगीच्या मुलांचे कागद अडत असतील तर इथेच लिहा, कुठला दाखला अडला ते नेमकं सांगा.